लाँग चासीची शॉर्ट: जुन्या पिकअपचा सांगाडा आणि हौदा आखूड करणे

जुन्या पिकअप ट्रकची चासी म्हणजे आडवी ठेवलेली पोलादी शिडी. दोन लांब तुळया पुढच्या बंपरपासून मागच्या फाळक्यापर्यंत जातात आणि काही आडवे क्रॉस मेंबर त्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात. इंजिन, केबिन, हौदा, पाटे (स्प्रिंगा), डिझेलची टाकी हे सगळे या शिडीवर बसलेले असते किंवा तिला टांगलेले असते. शिडी मधूनच कापून ठरलेल्या मापाचा तुकडा काढायचा, उरलेली टोके जोडायची आणि वरचा हौदाही त्या मानाने लहान करायचा, या कामाला गॅरेजच्या बोलीत 'लाँग चासीची शॉर्ट करणे' म्हणतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, हे या कामाचे मुख्य माप. बाकीची सगळी मापे त्याच्या मागून येतात.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला यातले अर्धे गणित आधीच ठाऊक असते. साटीवर ओझे आखाच्या पुढे जास्त पडले तर गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. मागे जास्त पडले तर ती उलाळते आणि जू वर उचलले जाते. मोटारीला बैलांऐवजी पुढची दोन चाके असतात एवढाच फरक. मागचा आख पुढे सरकला की हौद्याचा जास्त भाग आखाच्या मागे लोंबतो आणि पुढची चाके हलकी होऊ लागतात. म्हणून व्हीलबेस कमी करताना आखाच्या मागचा भागही कमी करावा लागतो. चासी आखूड करण्यात एक नव्हे, दोन कापण्या असतात, त्याचे मूळ कारण हे.

अमेरिकी पिकअपच्या आकड्यांत ते स्वच्छ दिसते. शेव्हरोलेच्या १९६७ ते १९७२ या काळातल्या सी-१० पिकअप दोन लांब्यांत येत. लांब गाडीचा व्हीलबेस १२७ इंच आणि हौदा ८ फुटी. आखूड गाडीचा व्हीलबेस ११५ इंच आणि हौदा साडेसहा फुटी. व्हीलबेसमध्ये फरक १२ इंचांचा, हौद्यात मात्र दीड फुटाचा. म्हणजे लांब गाडी आखूड करताना १२ इंच मागच्या आखाच्या पुढून जातात आणि उरलेली लांबी आखाच्या मागून. शेतकरी आणि बांधकामवाले यांनी लांब हौद्याच्या गाड्या घेतल्या, राबवल्या आणि शेवटी कोठाराच्या मागे उभ्या करून ठेवल्या. आज हौशी माणसांना आखूड गाडी हवी असते आणि हाताशी येते लांब गाडी. या तफावतीतून तिकडे चासी कापण्याची रीत रुजली. त्याआधीच्या, १९४७ ते १९५५ मधल्या गोलसर नाकाच्या शेव्हरोले पिकअपमध्येही ११६ इंचांची हलकी गाडी आणि सव्वाशे व १३७ इंचांच्या जड गाड्या असे प्रकार होते.

महाराष्ट्राचा या गाड्यांशी संबंध जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो चालवला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला डॉज आणि फार्गो ट्रक बांधले. महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली ती १९४०च्या दशकाच्या शेवटी. ग्रामीण महाराष्ट्राच्या मनात घर केले ते मात्र जीपनेच. तिचा मूळ व्हीलबेस ८० इंच. नंतर ९१ इंचांची लांब जीपही महिंद्राच्या कारखान्यातूनच येऊ लागली, आणि पुढे प्यूजोचे डिझेल इंजिन बसवलेली एमएम ५४० याच ९१ इंचांवर आली.

पश्चिम महाराष्ट्रात या जीपचे जे झाले ते अमेरिकेच्या अगदी उलट. तिथे लांब गाड्या कापून आखूड केल्या गेल्या. इथे आखूड जीप कापून लांब केल्या गेल्या. कारण वडाप, म्हणजे खासगी जीपमधून होणारी प्रवासी वाहतूक. ज्या रस्त्यावर एसटीची फेरी दिवसातून दोन-चारदाच, तिथे बाजाराच्या दिवशी जीपमध्ये जितकी माणसे बसतील तितकी कमाई होती. चासीत एक तुकडा भरायचा, मागे बाके वाढवायची आणि गाडी धंद्याला लावायची, असे किती तरी ठिकाणी झाले. आज कोणी जुनी जीप किंवा जीपच्या चासीवरची पिकअप मूळ रूपात आणायला घेतो, तेव्हा रंगाखाली, मातीखाली हा भरलेला तुकडा सापडतो. मग आखूड करणे हे रूप बदलणे राहत नाही. बदललेले रूप दुरुस्त करणे होते. या दोन कामांत हत्यारे एकच लागतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे, आणि आपल्याकडे कायद्यानेही तो वेगळा धरला जातो.

कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचे कागल तालुक्यातले बिद्री हे गाव अशा कामाची पार्श्वभूमी समजून घ्यायला चांगले. गावाची ओळख दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्या यांच्या रांगा लागतात. या उसाने सगळ्या परिसराला वेल्डिंग शिकवले आहे. ट्रॉलीचा आख वाकला, हूक तुटला, फाळक्याची बिजागरी निघाली, तर दुरुस्ती त्याच दिवशी व्हावी लागते, कारण तोडलेला ऊस वाळत असतो आणि त्याचे वजन घटत असते. लेथवरची बारीक कामे लागली तर ३०-४० किलोमीटरवर कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर आहे. म्हणजे जुन्या गाडीचा सांगाडा कापून जोडू शकतील असे हात या भागात भरपूर आहेत.

मात्र ट्रॉली जोडणे आणि चासी जोडणे यांत मोठे अंतर आहे. ट्रॉली ट्रॅक्टरमागे संथ चालते. जोड निसटला तर ऊस रस्त्यावर पडतो. पिकअप ताशी ७०-८० किलोमीटरने धावते, तिच्या पुढच्या भागात माणसे बसलेली असतात, आणि तिचा सांगाडा खड्ड्याखड्ड्याला पिळवटत असतो. भरपूर भरण टाकलेला जाड वेल्ड ट्रॉलीला पुरतो. चासीला तो पुरत नाही. कधी कधी तोच घातक ठरतो.

कटर हातात घेण्याआधी आरसी बुक हातात घ्यावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अशी तरतूद झाली. व्हीलबेस हा नोंदणीत लिहिला जाणारा आकडा आहे. नोंदणी ९१ इंचांची आणि गाडी ८० इंचांची असेल, तर ती कितीही देखणी दिसली तरी रस्त्यावर बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच आकडा काढून समोर ठेवील.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात राहिलेली असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. त्यामुळे एखादी १९६०च्या दशकातली लांब पिकअप कोणी आवडीखातर आखूड केली, तर तिचा व्हिंटेजचा मान त्या कापाबरोबरच जातो. उलट वडापसाठी लांबवलेल्या जीपच्या आरसी बुकात व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २,०३२ मिलीमीटर, असाच लिहिलेला असेल, तर भरलेला तुकडा काढणे म्हणजे तिला कागदावरच्या मूळ मापावर परत आणणे. जीर्णोद्धार या शब्दाला जागणारे आखूड करणे ते हेच. कारखान्यातूनच लांब आलेली आणि आजवर धड राहिलेली चासी कापू नये. असे नमुने उरलेत थोडे, आणि एकदा कापलेली तुळई पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

भरलेला तुकडा ओळखणे फारसे अवघड नसते. चासी खरवडून धातू उघडा पाडला की वेल्डची आडवी रेष दिसते. तुकड्याच्या पत्र्याची जाडी मूळ पत्र्याशी जुळत नाही. कारखान्यात पाडलेली भोके डाव्या-उजव्या तुळईवर एकमेकांसमोर असतात. भरलेल्या भागात ती नसतात किंवा वाकडीतिकडी असतात. गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या शाफ्टला मध्येच एखादे बेअरिंग वेल्ड करून टांगलेले दिसले तर शंका उरतच नाही. याच वेळी चासी नंबर कोरलेली जागा शोधून ती झाकून सुरक्षित करावी. त्या जागेच्या जवळपास कटर, ग्राइंडर किंवा वेल्ड येता कामा नये, कारण घासलेला नंबर हा स्वतंत्र आणि गंभीर संशयाचा विषय होतो.

यानंतर मोजणी. या कामात कापायला एक तास लागतो आणि मोजायला दोन दिवस, आणि ते दोन दिवस वाचवणाऱ्याची गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. हौदा उतरवून ठेवायचा, टाकी काढायची, बॅटरी सोडायची, वायरिंग आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला करायच्या. मग चासी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवून लेव्हल पट्टीने दोन्ही दिशांना सपाट करायची. कारखान्याने पाडलेल्या भोकांपैकी चार पक्की भोके धरून दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. ३ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चासी आधीच पिळलेली आहे, आणि कापण्याआधी ती सरळ करावी लागते. कापाच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक तुळईवर, एकमेकांपासून बरोबर २० इंचांवर पंचाने दोन ठिपके मारून ठेवतात. १२ इंच काढायचे असतील तर जोडल्यानंतर त्या ठिपक्यांत ८ इंच उरले पाहिजेत. मग कटरच्या चकतीने किती खाल्ले, ग्राइंडरने किती घासले, वेल्डने किती आखडले, हे सगळे त्या एका मापात पकडले जाते.

कुठे कापायचे, हे ताण कुठे पडतो त्यावर ठरते. दोन आखांमध्ये चासी ओझ्याखाली खाली झुकते. तेव्हा तुळईची वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मागच्या आखापलीकडे उलटे घडते. तिथे वरची पट्टी ताणात असते. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या तुळईत झुकण्याचा जवळजवळ सगळा भार या दोन पट्ट्या उचलतात आणि मधली उभी भिंत त्यांना एकमेकींपासून दूर धरून ठेवते. म्हणून पट्ट्यांना भोक पाडायचे नाही, खाच मारायची नाही, हा नियम. काप घ्यायचा तो सरळ भागात. जिथे तुळई आखावरून जाण्यासाठी वर वळते, जिथे पाट्याचे हँगर रिव्हेट केलेले असतात, जिथे क्रॉस मेंबर बसतो, त्या जागा सोडायच्या. बहुतेक पिकअपमध्ये केबिनची मागची भिंत आणि मागच्या पाट्याचा पुढचा हँगर यांच्यामध्ये असा सरळ भाग मिळतो.

घोड्या चुकीच्या जागी लावल्या असतील तर ते पहिल्याच कापात कळते. वरची पट्टी कापली जात असताना चासी मधोमध खाली बसते, फट मिटते आणि कटरची चकती दातात सुपारी धरावी तशी अडकते. चकती फुटून उडू शकते. कापाच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितक्या जवळ, स्वतंत्र आधार दिला की चकती मोकळी फिरते आणि काप पडल्यावर दोन्ही भाग होते तिथेच राहतात. काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा आणि कटरवर गार्ड हवेच.

सरळ उभा काप सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमजोर. त्यात वरची पट्टी, भिंत आणि खालची पट्टी एकाच रेषेत तुटतात, म्हणजे चासीचा सगळा भरवसा एका वेल्डच्या रेषेवर येतो. त्यापेक्षा पायरीसारखा काप बरा. वरची पट्टी एका जागी कापायची, भिंतीत मध्यावरून आडवे काही इंच जायचे आणि खालची पट्टी तिथे कापायची. मग कोणत्याही एका उभ्या छेदात पूर्ण तुळई वेल्डवर अवलंबून राहत नाही. डाव्या आणि उजव्या तुळईच्या पायऱ्याही थोड्या पुढे-मागे ठेवता येतात. लांबवलेल्या जीपच्या बाबतीत एक अडचण असते. मूळ पोलाद वाचवायचे तर जुन्या वेल्डच्या रेषेतच कापावे लागते, आणि ती रेष बहुधा सरळ असते. अशा वेळी जुना वेल्ड पूर्ण घासून स्वच्छ धातू उघडा करायचा आणि आतून लावायच्या पट्टीवर जास्त भिस्त ठेवायची.

ही आतली पट्टी चासीच्याच जाडीची असावी. हलक्या पिकअपमध्ये ती जाडी साधारण ३ ते ४ मिलीमीटर असते. दहा मिलीमीटरची प्लेट ठोकून दिली की काम पक्के झाले, ही समजूत चुकीची आहे. खूप जाड पट्टी जिथे संपते तिथे चासी एकदम मऊ होते, आणि सगळा पीळ त्या कडेवर येऊन काही वर्षांनी तिथेच तडा पडतो. म्हणूनच पट्टीची टोके चौकोनी न ठेवता निमुळती कापतात, आणि टोकाच्या उभ्या कडेला वेल्ड मारत नाहीत. पट्टी भिंतीच्या आतल्या अंगाला बसवून आडव्या कडांवर आणि भोकांतून भरलेल्या वेल्डच्या ठिपक्यांनी धरली जाते. कापाचा जोड सोडला तर तुळईच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांच्या कडेवर आडवा वेल्ड कधीही ओढायचा नाही.

जोडायच्या कडांना उतार देऊन व्ही आकाराची खाच करतात, म्हणजे भरण आरपार जाते. नुसते वरून चढवलेले भरण दिसायला जाडजूड, आत पोकळ. जुन्या पिकअपच्या चासी साध्या सौम्य पोलादाच्या असल्याने त्या वेल्डिंग नीट घेतात; आजच्या जड ट्रकच्या उष्णता देऊन कडक केलेल्या चासींना हे लागू नाही. सीओटू वेल्डिंग असेल तर उत्तम, नाहीतर ७०१८ इलेक्ट्रोड. या इलेक्ट्रोडचे आवरण हवेतला ओलावा शोषते, आणि ओल्या इलेक्ट्रोडमधून वेल्डमध्ये शिरलेला हायड्रोजन नंतर बारीक तडे पाडतो. बिद्रीजवळच्या राधानगरी-भुदरगड तालुक्यांकडच्या पावसाळ्यात उघड्या पुड्यातला इलेक्ट्रोड चासीला वापरणे म्हणजे बिघाड आत भरून ठेवणे. इलेक्ट्रोड भट्टीत वाळवून गरम असतानाच वापरायला हवेत, नाहीतर काम कोरड्या महिन्यांत घ्यावे.

आधी चारही बाजूंना टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे टाके, मारायचे आणि पुन्हा सगळी मापे घ्यायची: ठिपक्यांतले ८ इंच, दोन्ही कर्ण, लेव्हल. चूक असेल तर टॅक तोडता येतात. मग डावीकडे थोडे, उजवीकडे थोडे, वर थोडे, खाली थोडे असे करत भरायचे, कारण वेल्ड थंड होताना आखडतो आणि एकाच बाजूने सलग ओढला तर तुळई त्या बाजूला वाकवतो. घाईने वेल्डवर पाणी ओतू नये. एकदम थंड केलेला भाग ठिसूळ होतो.

काही गाड्यांत तुळई न कापताही व्हीलबेस कमी करता येतो. मागच्या भागात चासी सपाट असेल, आखावरून जाणारा बाक नसेल, तर पाट्यांचे हँगर सोडवून सगळा मागचा आख पुढे सरकवायचा आणि मागे उरलेले शेपूट फक्त कापायचे. रिव्हेटची डोकी घासून, मध्यात ड्रिल मारून ते बाहेर ठोकतात आणि नव्या जागी उच्च ताकदीचे नट-बोल्ट लावतात. दोन आखांमध्ये एकही वेल्ड येत नाही, आणि पुढे कोणाला मूळ माप हवे झाले तर जुनी भोके जागेवरच असतात. जिथे जमते तिथे हीच रीत निवडावी.

आख पुढे आला की गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा शाफ्टही तेवढ्याच मापाने लहान करावा लागतो. शाफ्ट ही पोकळ नळी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना क्रॉस बसवलेले दुबेळके. नळी लेथवर धरून कापतात, टोक पुन्हा बसवतात, डायलने फिरण्यातली वाकडी हालचाल तपासून मगच वेल्ड करतात. दोन्ही टोकांची दुबेळकी एकाच पातळीत असणे अत्यावश्यक. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा कमी-जास्त करतो. पुढच्या क्रॉसने केलेला हा चढउतार मागचा क्रॉस खोडून काढतो, पण दुबेळकी एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. दातेरी सरकत्या सांध्यात, म्हणजे स्लिपमध्ये, एक दात चुकवून शाफ्ट बसवला तर गाडी विशिष्ट वेगाला थरथरू लागते आणि मालक चाके बॅलन्स करत बसतो. आखूड शाफ्टचा कोनही जास्त तिरका होतो, विशेषतः उंच जीपमध्ये. स्लिपमध्ये थोडी मोकळीक राहिली पाहिजे. पाटे दबल्यावर शाफ्ट गिअरबॉक्सवर आपटता कामा नये. शेवटी शाफ्ट बॅलन्स करून घ्यायचा.

ब्रेकच्या नळ्या नव्या टाकाव्यात. जुनी नळी वळवून उरलेली लांबी गुंडाळून ठेवणे धोक्याचे. हँडब्रेकची केबल, सायलेन्सरचा पाइप, डिझेलची नळी आणि मागच्या दिव्यांची वायर यांचीही लांबी बदलते.

हौद्याचे काम पत्र्याचे, म्हणून वेगळ्या हाताचे. जुन्या पिकअपमध्ये हौदे दोन प्रकारचे. पहिल्यात सरळ पेटी असते आणि चाकांची मडगार्डे पेटीच्या बाहेर लावलेली असतात. त्यात बाजूचे पत्रे पुढच्या टोकाकडून कापून पुढची भिंत मागे आणता येते. तळाला लाकडी फळ्या आणि त्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या असतात. दोन्ही नुसत्या आखूड कापल्या की झाले. फळ्या कुजलेल्या असतातच, तेव्हा आपल्याकडे सागवान घालण्याची ही चांगली संधी. दुसऱ्या प्रकारात हौद्याची बाहेरची बाजू केबिनच्या रेषेत गुळगुळीत असते आणि चाकाची कमान त्याच पत्र्यात कापलेली असते. फोर्डने १९५७ मध्ये आणि शेव्हरोलेने १९५८ मध्ये असे हौदे सर्रास आणले. इथे कमानीच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन काप लागतात, तेही चासीतल्या दोन कापण्यांच्या मापांशी तंतोतंत जुळणारे. नाहीतर चाक कमानीच्या मधोमध येत नाही. गाडी उभी असताना ही चूक शंभर फुटांवरून दिसते.

साधारण सव्वा मिलीमीटरचा हा पत्रा सलग वेल्डने लाटेसारखा उठतो. म्हणून काठाला काठ भिडवून इंच-दीड इंचावर टॅक मारायचे, एक इथे तर पुढचा दूर दुसऱ्या टोकाला, प्रत्येक टॅक गार होऊ द्यायचा, आणि हातोडी-डॉलीने तो हलकेच ठोकून आखडलेला धातू पुन्हा पसरवायचा. असे करत टॅकांची साखळी पूर्ण होते. जोड हौद्याच्या उभ्या खाचेजवळ घेतला तर तो नजरेआड जातो. कसबी डेंटरच्या हातून उतरलेल्या हौद्याला पुटीचा पातळ हात पुरतो. जिथे बोटभर पुटी भरावी लागते तिथे काम पत्र्याने नव्हे, पुटीने झाकलेले असते, आणि दोन पावसाळ्यांत ती फुगून निघते.

मागचे शेपूट किती ठेवायचे याला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९३ मर्यादा घालतो: आखाच्या मागचा भाग साधारणपणे व्हीलबेसच्या ६० टक्क्यांहून जास्त नसावा. ९१ इंचांच्या गाडीला म्हणजे साडेचोपन्न इंच, ८० इंचांच्या गाडीला ४८ इंच. लांबवलेली जीप मूळ मापावर आणताना वाढवलेला हौदा तसाच ठेवला तर ती या मर्यादेबाहेर जाते आणि वर सांगितल्याप्रमाणे उलाळतेही.

आखूड झालेली गाडी चालवायला वेगळी लागते. सी-१०चेच माप घेऊन पुढची चाके ३५ अंशांत वळतात असे धरले, तर वळणाची त्रिज्या साधारण ५.६ मीटरवरून ५.१ मीटरवर येते. गावातल्या अरुंद बोळात हा अर्धा मीटर मोलाचा. दुसरीकडे ब्रेक मारल्यावर मागून पुढे सरकणारा भार सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ओल्या रस्त्यावर मागची चाके लवकर घसरतात. खड्ड्यात गाडी जास्त डुलते. ओझे वाहण्याची क्षमताही कमी धरावी लागते.

रंग चढवण्याआधी जोड तपासायची जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे रॉकेल आणि खडू. वेल्ड घासून स्वच्छ करायचा, त्यावर रॉकेल लावून अर्धा तास ठेवायचे, कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे आणि वर खडूची पूड चोळायची. डोळ्याला न दिसणाऱ्या तड्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळसर ओली रेघ उमटते. रेघ दिसली तर तो वेल्ड पूर्ण घासून काढून पुन्हा भरायचा, वरून थर चढवायचा नाही. रेघ नसेल तर तुळईच्या आतल्या अंगालाही रेड ऑक्साइड लावून मग रंग द्यायचा, कारण चासी सडते ती आत साचलेल्या चिखलाने. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट आणि हँगरचे बोल्ट पुन्हा आवळायचे, आणि त्याच वेळी जोडावर एकदा पुन्हा रॉकेल-खडू फिरवायचा.